दोन्ही पाय सुजतात तेव्हा

१९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या रुग्णालयांत एकाच घरातली तीन-तीन, चार-चार माणसं एकच तक्रार घेऊन येऊ लागली. दोन्ही पाय घोट्यापासून वर सुजलेले, कातडी लालसर आणि गरम, आणि नडगीला हात लावला तरी माणूस कळवळावा इतका दुखरेपणा. कित्येकांना त्याआधी जुलाब-उलट्या होऊन गेल्या होत्या. काहींना दोन पावलं टाकली तरी धाप लागत होती. एकेकटा रुग्ण आला असता तर हृदय, मूत्रपिंड, यकृत अशी नेहमीची यादी तपासली गेली असती. पण एकाच स्वयंपाकघरातलं खाणारी सगळी माणसं एकदम सुजतात, तेव्हा खाण्यात काहीतरी आहे हे उघड असतं.

दोष तेलात निघाला. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेलं होतं. साथ ओसरेपर्यंत साठहून अधिक माणसं दगावली, हजारोंनी आजारी पडली, आणि राजधानीत मोहरीच्या तेलाच्या विक्रीवर काही काळ बंदी घालावी लागली. पिवळा धोत्रा मूळचा अमेरिका खंडातला. आता तो आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, रेल्वेच्या रुळांलगत सगळीकडे दिसतो. काटेरी पानं, पिवळं फूल, देठ मोडला की निघणारा पिवळा चीक. त्याच्या काळपट बिया मोहरीत मिसळल्या तर सहज ओळखू येत नाहीत. हातात घेऊन भिंगाखाली पाहिल्या तर मोहरीचा दाणा गुळगुळीत दिसतो आणि धोत्र्याच्या दाण्यावर जाळीसारखी खडबडीत नक्षी दिसते. या बियांतलं सँग्विनरीन नावाचं विष शरीरातल्या बारीकात बारीक रक्तवाहिन्या सैल करतं. त्यांच्या भिंतींतून पाणी आणि प्रथिनं बाहेर पाझरतात. पाय सुजतात, लाल होतात, दुखतात. पुढे हृदयाचा स्नायू दुबळा पडतो, काहींच्या डोळ्यांतला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. तेलात शंभरात एक भाग भेसळ असली तरी एवढं होण्यास पुरेशी ठरते. उपचारांतला पहिला आणि सर्वांत मोठा भाग म्हणजे ते तेल बंद करणं.

आपल्याकडे रोजच्या फोडणीला शेंगदाणा, करडई, सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं तेल असतं. पण मोहरीचं तेल लोणच्यात जातं, सांधे चोळायला वापरलं जातं, आणि उत्तरेकडून येऊन मुंबई-पुण्यात राहिलेल्या घरांत तर ते रोज लागतं. भेसळीचं तेल अंगाला चोळूनही ही बाधा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. सुटं, बिनलेबलाचं तेल घेऊ नये, हे आरोग्य खातं सांगतं त्यामागे हा इतिहास आहे.

दिल्लीची गोष्ट आधी सांगितली, कारण तिच्यात एक खूण आहे जिच्याकडे घरी आपण लक्ष देत नाही. पाय सुजले की आपण सूज किती आहे ते बघतो, चप्पल बसत नाही, जोडवी रुततात, मोज्याचा वळ राहतो, हे सांगतो. ती सूज दुखते का, हे मात्र कुणी विचारल्याशिवाय बोलत नाही. आणि दोन्ही पायांच्या सुजेची निम्मी उकल याच प्रश्नात असते. नुसतं पाणी साठून आलेली सूज जड वाटते, ताणल्यासारखी वाटते, पण सहसा दुखत नाही. सूज दुखू लागली की वेगळी कारणं शोधावी लागतात.

आता हे पाणी येतं कुठून ते पाहू. हृदयातून निघालेलं रक्त शेवटी केसांहून बारीक अशा केशवाहिन्यांत पोचतं. तिथे रक्ताच्या दाबामुळे थोडं पाणी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर, पेशींच्या भोवती झिरपतं. पेशींना अन्न आणि प्राणवायू याच वाटेने मिळतात, म्हणून हे झिरपणं हवंच. उलट बाजूने रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन पाण्याला रक्तातच धरून ठेवतं. या दोन ओढींचा हिशेब इंग्लंडच्या अर्नेस्ट स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडला. त्यात पुढे बरीच दुरुस्ती झाली, पण मूळ चौकट तीच राहिली. बाहेर राहिलेलं पाणी लसिकावाहिन्या गोळा करतात आणि छातीच्या वरच्या भागात पुन्हा रक्तात सोडतात. रोज काही लिटर पाणी असं फिरतं. याचा अर्थ सूज येण्याचे रस्ते चारच: शिरांमधला दाब वाढणं, रक्तातलं अल्ब्युमिन घटणं, केशवाहिन्या गळक्या होणं, किंवा लसिकेची वाट तुंबणं. धोत्र्याच्या विषाने तिसरा रस्ता उघडला होता.

हे सगळं पायांतच का दिसतं, याचं उत्तर आपल्या उभं राहण्यात आहे. माणूस स्तब्ध उभा असतो तेव्हा हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचं सगळं वजन घोट्याजवळच्या शिरांवर पडतं. तिथला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास जातो. माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू शिरांना पिळतात, रक्त वर ढकललं जातं, शिरांतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत, आणि तोच दाब ३० च्या खाली उतरतो. वाहतूक पोलीस, दुकानातले विक्रेते, न्हावी, शिक्षक, पोळ्या लाटायला दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका यांचे पाय संध्याकाळी जड होतात ते यामुळे. दिवसभर खुर्चीत पाय खाली सोडून बसणाऱ्या वृद्धांचंही तेच होतं. रात्रभर आडवं पडल्यावर ही सूज सकाळी उतरलेली असते. एवढंच असेल तर घाबरण्याचं कारण नाही.

सूज खरी आहे का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा टेकवून हळूहळू दाबायचं, काही सेकंद धरायचं आणि उचलायचं. खड्डा पडला आणि लगेच भरून आला नाही, तर तिथे पाणी आहे. हा खड्डा दिसू लागतो तोवर शरीरात दोन-तीन लिटर जास्तीचं पाणी साठलेलं असू शकतं. म्हणून हृदयाच्या रुग्णांना रोज सकाळी वजन करायला सांगतात. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, तर ते पाणीच असतं, डोळ्यांना सूज दिसो वा न दिसो.

हीच अंगठ्याची तपासणी मेळघाटात, नंदुरबारात कुपोषित मुलांसाठी वापरली जाते. मुलाच्या दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठे ठेवून तीन सेकंद दाबायचं, हे शिक्षण आरोग्य कर्मचाऱ्यांना दिलेलं असतं. दोन्ही पावलांवर खड्डा राहिला, तर वजन आणि दंडाचा घेर काहीही असो, ते मूल अतितीव्र कुपोषित धरलं जातं. सुजेमुळे असं मूल बाळसेदार दिसतं, आणि आईला ते अंगाने भरलं असं वाटतं. यात धोका इतका मोठा आहे की ही एक खूण त्या प्रशिक्षणात कधीच वगळू नये.

एकच पाय सुजला असेल तर गोष्ट निराळी. अचानक एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका आधी घ्यायची. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. दोन्ही पायांत एकदम गुठळ्या होणं कमी आढळतं, पण कर्करोगाच्या रुग्णात किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसात ते होतं. म्हणून सूज दोन्हीकडे आहे एवढ्यावर ही शक्यता पुसून टाकता येत नाही.

न दुखणाऱ्या, खड्डा पडणाऱ्या, दोन्ही पायांच्या सुजेत पहिला संशय हृदयावर. हृदयाची उजवी बाजू रक्त पुढे ढकलायला कमी पडली की ते मागे शिरांत तुंबतं. अशा माणसाला बोलतं केलं की बाकीचं कळतं. पूर्वी एक उशी लागायची, आता तीन लागतात. रात्री दोन वाजता गुदमरून जाग येते आणि खिडकीशी जाऊन बसावं लागतं. जिना अर्ध्यावर थांबून चढावा लागतो. काही जण तर धाप लागते म्हणून आडवे होतच नाहीत, खुर्चीतच झोपतात, आणि पाय रात्रभर खाली राहिल्याने सूज दुपटीने वाढते. घरचे सांगतात, पाय सुजतात. खरी गोष्ट असते झोपण्याची.

हृदयाच्याच एका आजाराबद्दल आपल्या देशात जास्त सांगायला हवं. क्षयरोग हृदयाभोवतीच्या आवरणात शिरला, तर बरं होता होता ते आवरण जाड आणि कडक होतं. हृदयाला पुरतं फुलता येत नाही. पोट पाण्याने फुगतं, पाय सुजतात, आणि रुग्ण वर्षानुवर्षं यकृताचा रोगी म्हणून औषधं घेत राहतो. दारूला न शिवलेल्या माणसाला दारूबद्दल टोचून विचारलं जातं. मानेच्या फुगलेल्या शिरांकडे कुणी बारकाईने पाहिलं तर रोग तिथेच ओळखता येतो, कारण नुसत्या यकृताच्या आजारात त्या शिरा अशा तटतटत नाहीत. जाड झालेलं आवरण शस्त्रक्रियेने काढता येतं आणि त्यानंतर कित्येक रुग्ण कामाला लागतात. बरा होणारा आजार न बरा होणारा समजून अंगावर काढला जावा, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

मूत्रपिंडाची सूज आधी चेहऱ्यावर येते. सकाळी उठल्यावर डोळ्यांच्या पापण्या फुगलेल्या, दिवस चढला की ती सूज उतरते आणि संध्याकाळी पायांवर दिसते. लहान मुलांत हे दिसलं की अॅलर्जी म्हणून औषध दिलं जातं आणि आठवडे जातात. लघवीला फेस येतो का, भांड्यात तो बराच वेळ टिकतो का, हे पाहिलं तर उलगडा होतो. मूत्रपिंडाच्या गाळण्या फाटल्या की अल्ब्युमिन लघवीवाटे वाहून जातं. दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिनं जाणं हे सामान्य, तर या आजारात साडेतीन ग्रॅमहून जास्त जातात.

हा संबंध पहिल्यांदा नीट जुळवला तो लंडनच्या गाइज रुग्णालयातल्या रिचर्ड ब्राइट यांनी, १८२७ मध्ये. सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन ते मेणबत्तीवर धरत. अंड्याचा पांढरा भाग तापवल्यावर गोठतो तशी ती लघवी पांढरी होऊन साकळली, की प्रथिनं जात आहेत हे कळे. अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनात मूत्रपिंडं बिघडलेली सापडत. तोवर सर्वांगाच्या सुजेला एकच नाव होतं आणि एकच आजार मानला जात होता. एका चमच्याने त्यातून मूत्रपिंडाचा रोग वेगळा काढला. आज तीच तपासणी कागदाच्या पट्टीवर प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते, काही मिनिटांत होते, आणि पाय सुजलेल्या माणसाची ती पहिल्याच भेटीत व्हायला हवी.

यकृत अल्ब्युमिन बनवतं. दारू, हेपटायटिस बी आणि सी, आणि अलीकडे मधुमेह-लठ्ठपणाबरोबर येणारी यकृतातली चरबी, यांनी यकृत आकसलं की अल्ब्युमिन घटतं. त्यात बहुधा पोट आधी फुगतं, पाय नंतर. तीव्र रक्तक्षय, आतड्यांतून प्रथिनं गळणं, थायरॉईड मंदावणं, घोरणाऱ्या स्थूल माणसाचा झोपेतला श्वास अडकणं, हीही कारणं यादीत असतात. थायरॉईडच्या सुजेत दाबलं तरी खड्डा पडत नाही, कातडी कणकेसारखी घट्ट लागते.

आणि औषधं. रक्तदाबासाठी आपल्याकडे अॅम्लोडिपीन लाखो लोक घेतात. उत्तम, स्वस्त गोळी आहे. पण ती धमन्यांच्या टोकाच्या फांद्या सैल करते आणि शिरा तशाच राहतात. आत येणारी वाट रुंद आणि बाहेर जाणारी पूर्वीएवढीच, म्हणून केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि घोट्यांशी पाणी झिरपतं. पाच मिलिग्रॅमला सूज नव्हती आणि दहा केल्यावर आली, हे नेहमी दिसतं. आता घडतं असं, की गोळी सुरू करणारा डॉक्टर एक असतो आणि सूज बघणारा दुसरा. दुसरा लघवी होण्याची गोळी देतो. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतंच, त्यामुळे सूज फारशी हटत नाही, मात्र सोडियम-पोटॅशियम खाली जातं, म्हातारं माणूस चक्कर येऊन पडतं, आणि चक्करेसाठी तिसरी गोळी सुरू होते. याऐवजी अॅम्लोडिपीनची मात्रा कमी करणं, जोडीला टेल्मिसार्टनच्या जातीचं औषध देणं, किंवा सिल्निडिपीनकडे वळणं, हे मार्ग डॉक्टरांकडे असतात. आपणहून गोळी बंद करणं मात्र चूक, रक्तदाब उसळला तर नुकसान फार मोठं होतं. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, स्टेरॉइड, मधुमेहावरचं पायोग्लिटाझोन, नसांच्या दुखण्यावरचं प्रिगॅबालिन यांनीही पाय सुजतात. ओळख नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, म्हणून त्याही दाखवाव्यात.

दुखऱ्या सुजेत सर्वांत नेहमीचा प्रकार शिरांचा. झडपा वर्षानुवर्षं गळत राहिल्या की घोट्याच्या आतल्या बाजूला तांबूस-काळपट डाग पडतात. रक्तातलं लोह कातडीत साचून राहिल्याचे ते डाग. पुढे कातडी टणक होते, हात लावला की हुळहुळते, खाज सुटते, आणि एखाद्या खरचटण्याची जखम महिनोन् महिने भरत नाही. कधी दोन्ही नडग्या लालभडक आणि गरम होतात. तेव्हा घाईने जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकं सुरू होतात, कधी रुग्णाला दाखलही करतात. वास्तविक कातडीखालचा जंतुसंसर्ग सहसा एकाच पायाला होतो. दोन्ही पाय एकसारखे लाल, ताप नाही, आणि पाय उंच ठेवल्यावर लाली ओसरते, तर तो बहुतेक शिरांचा दाह असतो. त्याला घट्ट पट्टी आणि पाय वर ठेवणं हा इलाज आहे. प्रतिजैविकांनी तो बरा होत नाही.

दुसरा प्रकार बायकांच्या वाट्याला येतो आणि त्याचं नाव आपल्याकडे फार थोड्या जणींनी ऐकलेलं आहे. लिपेडिमा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अॅलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी १९४० मध्ये त्याचं वर्णन केलं. कंबरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांवर सारखी चरबी साठते. वरचं शरीर सडपातळ राहू शकतं, त्यामुळे कुर्ता एका मापाचा आणि सलवार दोन मापं मोठी लागते. घोट्याशी ही चरबी एकदम संपते, कडं घातल्यासारखी कड दिसते, आणि पावलं पूर्वीसारखीच राहतात. दाबलं तर पाणी साठल्यासारखा खड्डा पडत नाही, पण दुखतं. लहान मूल मांडीवर येऊन बसलं तरी दुखतं. कुठे लागलं ते आठवत नाही आणि काळे-निळे वळ उठतात. सुरुवात बहुधा वयात येताना, गरोदरपणात किंवा पाळी जाताना होते, आणि आईकडून लेकीकडे जाताना दिसते.

अशा बाईला आयुष्यभर काय ऐकावं लागतं? भात सोड, गोड सोड, चालायला जा. ती ते सगळं करते. चेहरा उतरतो, गालफडं बसतात, पायांचा घेर तसाच राहतो. मग ती खोटं बोलते, चोरून खाते, असं घरातच म्हटलं जातं. खरं तर ही चरबी कमी खाण्याला दाद देत नाही. घट्ट मोजे, पाण्यातला व्यायाम, वजन आणखी न वाढू देणं, आणि निवडक रुग्णांत खास पद्धतीने चरबी काढून घेणं, एवढे उपाय आहेत. पूर्ण बरं करणारं औषध नाही. तरीही हा आजार आहे, माझा आळस नव्हे, हे कळल्यावर कित्येक जणींच्या मनावरचं ओझं उतरतं. तपासणारा डॉक्टर नुसतं वजन करून थांबला आणि पावलांकडे, दुखरेपणाकडे, वळांकडे त्याने पाहिलं नाही, तर हे निदान होत नाही.

लसिकेची वाट तुंबल्याची सूज विदर्भाला नवी नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात हत्तीरोगाचे रुग्ण अजून आहेत. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास या रोगाच्या जंतांचा प्रसार करतो, जंत लसिकावाहिन्यांत घर करतात. ही सूज पावलापासून वर चढते, बहुधा एका पायात जास्त असते, आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरता येत नाही. लिपेडिमात ती धरता येते, हा सोपा फरक. हत्तीरोगाचा पाय एरवी दुखत नाही. मधूनमधून थंडी वाजून ताप भरतो, पाय लाल होऊन ठणकतो, जांघेत अवधान येतं, तेव्हा प्राण कासावीस होतो. हे झटके बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांतून शिरणाऱ्या जिवाणूंमुळे येतात आणि प्रत्येक झटक्यानंतर पाय आणखी जाड होतो. साबण-पाण्याने रोज पाय धुणं, बेचक्या पुसून कोरड्या करणं, चिखल्यांना मलम लावणं, एवढ्याने झटके निम्म्याहून कमी झालेले दिसतात. जंतांची पिल्लं रक्तात रात्रीच फिरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री उशिरा दार वाजवून बोटातून रक्ताचा थेंब घेतात. तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम देशात ज्या जिल्ह्यांतून सुरू झाली त्यांत नागपूर होतं, २०१९ च्या सुरुवातीला. गोळ्या घरी ठेवून न देता कर्मचाऱ्यासमोर गिळायला सांगतात, कारण उशीखाली राहिलेल्या गोळ्यांनी रोग हटत नाही.

दोन्ही नडग्यांवर बोराएवढ्या, लाल, खूप दुखऱ्या गाठी उठल्या आणि घोटेही सुजले, तर घसा दुखून गेला होता का, क्षयाची लागण आहे का, कुष्ठरोगावर उपचार चालू आहेत का, हे बघावं लागतं. तापानंतर घोटे सुजून सकाळी पाय टेकवेना झाला, तर चिकुनगुनिया. २००६ च्या साथीत महाराष्ट्रात गावंच्या गावं अशी लंगडत होती, आणि काहींचे सांधे महिनोन् महिने दुखत राहिले. नखं पोपटाच्या चोचीसारखी वाकली आणि घोटे-नडग्या दुखू लागल्या, तर छातीचा फोटो काढायलाच हवा, फुप्फुसातल्या गाठीची ती खूण असू शकते.

गरोदरपणात पाय सुजतात, बहुतेकींचे सुजतात, आणि त्यात बिघडलेलं काही नसतं. पण विसाव्या आठवड्यानंतर सूज एकदम वाढून चेहरा आणि हातांवर आली, अंगठी निघेना झाली, डोकं दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजायचा. १४०/९० किंवा त्यावर असेल आणि लघवीत प्रथिनं असतील, तर ती थेट रुग्णालयाची गोष्ट आहे. बाळंतपणानंतरही काही आठवडे हा धोका राहतो.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात, चोळायचं तेल आणि आणलेल्या पुड्यांसकट. सूज कधीपासून, सकाळी असते की संध्याकाळी, दुखते का, उशा किती लागतात, लघवीला फेस येतो का, हे लिहून न्यावं. लघवी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनीन, अल्ब्युमिन, यकृत आणि थायरॉईड यांच्या तपासण्या, हृदयाचा आलेख, आणि गरज पडली तर इको व पायांची डॉप्लर, एवढ्यात बहुतेक कारणं पुढे येतात. आराम करतानाही दम लागत असेल, छातीत दुखत असेल, खोकल्यातून रक्त पडलं, लघवी जवळपास बंद झाली, किंवा पायाबरोबर ताप आणि ग्लानी असेल, तर उद्यापर्यंत थांबू नये.

घरी करण्यासारख्या गोष्टीही आहेत. मीठ कमी करायचं म्हणजे लोणचं, पापड, फरसाण आणि बाहेरची चटणी आधी काढायची, भाजीतल्या मिठाची पाळी त्यानंतर. झोपताना पाय हृदयाच्या वर राहतील असे उशीवर ठेवायचे. मात्र ज्यांना आडवं झाल्यावर धाप लागते त्यांनी हे आधी विचारून करावं, कारण पायांतलं पाणी छातीकडे आलं की त्यांचा दम वाढतो. घट्ट मोजे शिरांच्या सुजेला सर्वांत उपयोगी, सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच चढवायचे. पण मधुमेह असलेल्या आणि तंबाखू-विडी ओढणाऱ्या माणसांच्या पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात. अशा पायावर घट्ट मोजा चढवला तर उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो आणि बोटं काळी पडू शकतात. म्हणून मोजे विकत घेण्याआधी पावलाच्या वरची आणि घोट्यामागची नाडी लागते का, हे डॉक्टरांच्या बोटांनी तपासून घ्यावं.